डिस्चार्जनंतरची जबाबदारी कोणाची? ज्येष्ठांच्या घरपोच देखभालीसाठी राज्य शासनाला खुले पत्र

प्रति,
मा. सामाजिक न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका

सन्माननीय महोदय,

हे पत्र मी तिघांच्या नावे एकत्र लिहिते आहे. एकेका कार्यालयात विचारले की प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या कार्यालयाचे नाव सांगतात. एकीकडे ऐकायला मिळते, ज्येष्ठ नागरिक हा आमचा विषय नाही. दुसरीकडे सांगतात, नर्स आणि फिजिओथेरपिस्ट आमच्या खात्यात नसतात. तिसरीकडे म्हणतात, दवाखाना चालू आहे, पेशंटला घेऊन या. जो माणूस अंथरुणात कूससुद्धा स्वतः बदलू शकत नाही त्याला घेऊन कसे यायचे, हे मात्र कोणी सांगत नाही.

माझा विषय तेवढाच आहे. रुग्णालयातून घरी सोडल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाची देखभाल. ती महिनोन्महिने चालते, कधी वर्षानुवर्षे. मुंबईत ती पैसे मोजून मिळते. गावात ती पैसे मोजूनही मिळत नाही. आणि मुंबईतही ज्यांच्याकडे मोजायला पैसे नाहीत त्यांची गत गावासारखीच आहे.

मी विक्रोळीच्या कन्नमवारनगरात राहते. घरात सासूबाई आहेत. खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली, पण त्या पुन्हा चालत्या झाल्या नाहीत. माझी आई रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत दादा-वहिनींकडे असते. तिला अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. दोघी साधारण एकाच वयाच्या, ऐंशीच्या घरातल्या. दोघींनाही उचलून बसवावे लागते, भरवावे लागते, डायपर बदलावा लागतो. दोघींची सेवा मी जवळून पाहते आहे, एकीची रोज आणि दुसरीची रजा काढून जाते तेव्हा. त्यामुळे एकाच राज्यातल्या दोन म्हाताऱ्या बायकांना काय मिळते आणि काय मिळत नाही हे मला कोणाच्या अहवालातून वाचावे लागलेले नाही.

सासूबाईंसाठी एक फोन केला की देखभालीची माणसे पुरवणाऱ्या ब्युरोतून मावशी येते. बारा तासांचे आठशे रुपये. फिजिओथेरपिस्ट घरी येतो, त्याचे वेगळे. लघवीची नळी बदलायला ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, येतो, त्याचे वेगळे. आमच्या घरी दोन पगार आहेत म्हणून हे निभते, आणि तरीही महिनाअखेरीला ओढाताण होते. सेवा मात्र मिळते.

आईचे घर पाखाडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेच्या, खाली आहे आणि गाडीरस्ता वर. तिची नळी बदलायची असली की तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवतात, कापडाने बांधतात, खुर्चीला दोन बांबू लावतात आणि चौघे जण पायऱ्या चढून तिला वर आणतात. त्या चौघांतला सर्वांत लहान माणूस साठी ओलांडलेला आहे. वर आले की रिक्षा, मग तालुक्याचे गाव, मग तिथली रांग. पाच मिनिटांच्या कामासाठी तिचा सगळा दिवस जातो आणि परत आल्यावर दोन दिवस ती काही खात नाही.

तिच्यासाठी आम्ही इथून एअर बेड पाठवला. त्याला विजेवर चालणारा पंप असतो. आळीपाळीने काही नळ्या फुगतात, काही बसतात, म्हणजे अंगाच्या एकाच जागी भार राहत नाही. पावसाळ्यात तारेवर झाड पडले की वाडीत रात्रभर वीज नसते. पंप बंद पडला की हळूहळू गादी बसते आणि आईची पाठ खाली फळीला टेकते. वहिनी अंधारात उठते, तिला कुशीवर वळवते, पाठीमागे उशी लावते आणि दोन तासांनी पुन्हा उठून दुसऱ्या कुशीवर करते. एवढे करूनही माकडहाडापाशी लाल चट्टा उठला. ही बेडसोअरची सुरुवात आहे हे तिला सांगायला कोणी नव्हते. तिला जे ठाऊक होते ते तिने केले, हळद लावली. कातडी फाटून पाणी सुटायला लागले तेव्हा तिने मला फोटो पाठवला. तो फोटो मी सासूबाईंकडे येणाऱ्या ब्रदरला दाखवला. त्याने व्हिडिओ कॉलवर वहिनीला जखम कशी धुवायची, कापडी पट्टी किती घट्ट बांधायची, हे समजावून सांगितले. कोकणातल्या वाडीतल्या जखमेवर विक्रोळीतला खासगी ब्युरोचा माणूस उपचार सांगतो. त्या मुलाचे उपकार मी विसरणार नाही, पण हे काम त्याचे नव्हते.

आता ते कोणाचे होते, याकडे येते.

२००७ मध्ये संसदेने आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाचा कायदा केला. महाराष्ट्रात तो २००९ पासून लागू आहे आणि २०१० मध्ये राज्याचे नियमही झाले. या कायद्याची चर्चा नेहमी मुलांवरच्या जबाबदारीपुरती होते: न्यायाधिकरण, दरमहा कमाल दहा हजारांचा निर्वाहभत्ता, मुलाने घर लिहून घेतले असेल तर ते परत मिळण्याची सोय. पण याच कायद्यात शासनावरही जबाबदारी टाकली आहे. कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान १५० निराधार ज्येष्ठांना सामावून घेईल असा वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारण्याची तरतूद आहे. कलम २० सांगते की शासकीय रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी शक्य तितक्या खाटा असाव्यात, त्यांची रांग वेगळी असावी, जुनाट आणि बळावत जाणाऱ्या आजारांवरच्या उपचारांची सोय वाढवावी आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वृद्धांच्या आजारांचा अनुभव असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हाताखाली राखीव सुविधा असाव्यात. यात शहर आणि गाव असा फरक कुठेही केलेला नाही.

त्यानंतर २०१०-११ मध्ये ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या मार्गदर्शक सूचना मी नीट वाचल्या आहेत, म्हणून खात्रीने लिहिते. जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वृद्ध कक्ष. ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर आठवड्यातून दोनदा ज्येष्ठांची ओपीडी, फिजिओथेरपीची सोय, आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी पुनर्वसन कार्यकर्त्याची भेट. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्याला एक ज्येष्ठांची ओपीडी. आणि उपकेंद्राच्या पातळीवर घरी पडून असलेल्या ज्येष्ठांना घरी जाऊन भेटणे व घरच्या माणसांना देखभालीचे शिक्षण देणे. म्हणजे माझ्या वहिनीला त्या लाल चट्ट्याचा अर्थ सांगणे हे शासनाने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेले काम आहे. मी नवीन काही मागत नाही.

माझी पहिली तक्रार ही, की जे लिहिले ते आईच्या वाडीपर्यंत पोचलेले नाही. तिच्या घरी आजवर कोणी फिजिओथेरपिस्ट आलेला नाही. आम्ही तालुक्याला चौकशी केली तेव्हा कळले की घरी जाणारे कोणी नाही, आणि जिथे सोय आहे तिथे रुग्णाला आणावे लागते. झटका आल्यानंतरचे पहिले काही महिने व्यायामाला सर्वांत जास्त फळ येते, हे कोणताही डॉक्टर सांगेल. ते महिने आईचे निघून गेले. तिचा डावा हात आता कोपरात आवळून बसला आहे आणि बोटे तळहातात रुतली आहेत. नखे कापायची तर एकाने मूठ उघडून धरावी लागते.

दुसरी तक्रार विम्याची. आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. हा निर्णय चांगला आहे आणि मी त्याबद्दल मनापासून आभार मानते. पण ते पाच लाख रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहेत. सुटी झाल्यानंतरचा खर्च त्यात पंधरा दिवसांपुरता धरतात. सोळाव्या दिवसापासून डायपर, ड्रेसिंग, नळी, फिजिओ, मावशी, सगळे घराच्या माथी. म्हाताऱ्या माणसाचा खरा खर्च तिथूनच सुरू होतो. आणि देखभाल नीट झाली नाही की जखम चिघळते, लघवीत जंतुसंसर्ग होतो, छातीत कफ साठतो आणि तोच रुग्ण पुन्हा दाखल होतो. मग त्यासाठी तुम्ही लाखभर रुपये देता. घरी महिन्यातून चार वेळा नर्स गेली असती तर यातले किती पैसे वाचले असते, याचा हिशेब आपल्या खात्याने एकदा तरी मांडावा.

तिसरी तक्रार पैशांची, आणि ती माझ्या आईपेक्षा तिच्या शेजारणींची जास्त आहे. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्या निराधारांना आता महिन्याला १,५०० रुपये मिळतात. मुंबईच्या भावाने मावशीचे दोन दिवसही त्यात निघत नाहीत. पण ते मिळण्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असावे लागते, म्हणजे महिन्याला १,७५०. ज्या म्हातारीचा मुलगा भांडुपला वॉचमनची नोकरी करून घरी दोन-तीन हजार पाठवतो ती या अटीत बसत नाही. आणि जी बसते तिला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीनवर ठसा उमटत नाही आणि पैसे थांबतात. वाडीत एक आजी आहेत, त्या गुडघ्यावर सरकत पडवीपर्यंत येतात. त्यांनी जिवंत असल्याचा पुरावा द्यायला तालुक्याला जायचे? केंद्राचा वाटा तर ८० वर्षांखालच्यांसाठी अजून २०० रुपयांवरच आहे.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट म्हणायची आहे, कारण ती मला वर्षभर खुपते आहे. ज्येष्ठांसाठीच्या आपल्या बहुतेक सवलती चालत्या-फिरत्या माणसासाठी आहेत. ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा मोफत प्रवास आहे, आणि त्याचा गावोगाव उपयोग होतो. तीर्थदर्शन योजनेत माणशी ३० हजारांपर्यंत खर्च होतो. कोणाला काशी, कोणाला अजमेर घडत असेल तर मला आनंदच आहे, त्यांच्या तोंडचा घास काढून घ्या असे मी म्हणणार नाही. पण जो अंथरुणातून उठू शकत नाही त्याच्या वाट्याला काय आहे? वयोश्री योजनेचे तीन हजार रुपये, तेही एकदाच. त्यात चाकाची खुर्ची किंवा कमोड खुर्ची, दोन्हींपैकी एक कशीबशी येते. माणूस जितका जास्त असहाय, तितकी योजना त्याच्यापासून लांब, असे चित्र झाले आहे.

चौथी तक्रार मुंबईची. मुंबईत राहून गावाच्या बाजूने बोलते म्हणून इथे सगळे आलबेल आहे असे कोणी समजू नये. जे. जे. रुग्णालयात वृद्धांच्या आजारांचे विभागीय केंद्र आहे, मोठी रुग्णालये आहेत, २०२२ पासून पालिकेचा 'आपला दवाखाना' रात्री दहापर्यंत उघडा असतो. पण आमच्यासारख्या म्हाडाच्या जुन्या इमारतींना लिफ्ट नाही. पार्कसाइटच्या आणि भांडुपच्या डोंगरावरच्या वस्त्यांत, मानखुर्द-गोवंडीत, गल्ली इतकी अरुंद की स्ट्रेचर वळत नाही. तिथेही म्हाताऱ्या माणसाला पाठुंगळी घेऊनच खाली आणतात. दवाखाना हाकेच्या अंतरावर असतो आणि तरीही पोचता येत नाही.

शिवाय जी सेवा पैशाने मिळते तिच्यावर कोणाची देखरेख नाही. ब्युरो काढायला काय लागते? एक फोन आणि एक पाटी. येणाऱ्या मावशीला शिकवलेले असते की नाही, तिची चौकशी केलेली असते की नाही, आपण दिलेल्या आठशेतले तिच्या हातात किती पडतात, कशाचाही पत्ता लागत नाही. सासूबाईंकडे आलेल्या एका मावशीला तर नाकातल्या नळीतून भरवताना पेशंटला उठवून बसवावे लागते हेही कोणी सांगितलेले नव्हते. कामाला मात्र ती चोख आणि मायाळू होती. बोलता बोलता तिने सांगितले की तिची स्वतःची आई सातारा जिल्ह्यातल्या एका गावी एकटी असते आणि शेजारच्या बाईला पैसे देऊन ती तिला दोन वेळचे जेवण पोचवते. दुसऱ्यांच्या आयांना सांभाळून ती स्वतःच्या आईच्या डब्याचे पैसे मिळवते. शहराची सोय गावातल्या माणसांवर उभी आहे आणि गावात मागे राहिलेल्यांसाठी काही नाही.

कोकणाबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण तिथली स्थिती पुढे सगळ्या राज्याची होणार आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढचे सुमारे १ कोटी ११ लाख लोक होते, म्हणजे दर दहांत एक. त्या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढली नाही, उलट घटली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया निघाल्या. कर्ती माणसे मुंबई-ठाण्यात, आणि गावात बायका आणि म्हातारी. माझे वडील लोअर परळच्या गिरणीत साचेवाले होते. १९८२ चा संप झाला, अडीच लाख कामगार घरी बसले, त्यातले कितीतरी जण बायका-मुलांना घेऊन गावी परतले ते कायमचे. वडील आता नाहीत. पण त्या पिढीची माणसे आज पंचाहत्तरी-ऐंशीत आहेत आणि त्याच वाड्यांत आहेत. ज्यांची हयात मुंबईत राबण्यात गेली त्यांना मुंबईच्या सेवेतला काहीच वाटा नसावा, हे मला पटत नाही.

'मग आईला मुंबईला घेऊन या ना,' असे मला अनेकांनी सांगितले. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, आत आधीच एक खाट. आणि समजा जागा असती, तरी आईला तिच्या घरातून, तिच्या आवाठातून, म्हणजे शेजारवस्तीतून, उचलून आणायचे ते केवळ शासनाची नर्स तिथे जात नाही म्हणून? ती स्पष्ट सांगते, 'माका हयच र्‍हवांदे.' तिचा तो हक्क आहे असे मी मानते. कायदाही तिला तिच्या पत्त्यावरून कमी-जास्त लेखत नाही.

आता, घरोघर जाणे शक्य आहे का? आहे. आपलीच यंत्रणा ते रोज करते. बाळंतपण रुग्णालयात झाले असले तरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाच्या घरी जाते. वजन करते, ताप बघते, आईची विचारपूस करते, कागदावर नोंद करते आणि धोक्याची खूण दिसली की वर कळवते. आमच्या वाडीतही पाखाडी उतरून आशाताई बाळाला बघायला येते, त्याच पायऱ्यांवरून. त्याच घरात आतल्या खोलीत आजी पडून असेल तर तिच्यासाठी असे वेळापत्रक नाही, तपासायच्या गोष्टींची यादी नाही आणि आशाताईला त्याचा मोबदलाही नाही. ती माणुसकीने डोकावते, बीपी बघते. पण माणुसकीवर सोडून दिलेले काम हे शासनाचे काम होत नाही. आशाताईंवर आधीच कामांचा डोंगर आहे आणि त्यांच्या मानधनासाठी त्यांना आझाद मैदानावर बसावे लागते, हेही मी जाणते. म्हणून हे काम फुकटात त्यांच्या गळ्यात मारा असे मी कदापि म्हणणार नाही.

केरळने २००८ मध्ये परिहार सेवेचे (पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णाचा त्रास कमी करणारी देखभाल) धोरण केले आणि घरपोच सेवेची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर दिली. प्रशिक्षित नर्स, आशा कार्यकर्ती आणि गावातले स्वयंसेवक मिळून अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातात, पंचायत त्यासाठी निधी ठेवते. आपल्याकडे ग्रामपंचायती आहेत, राज्याच्या 'उमेद' या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे बचतगट आहेत, गावोगावच्या मुंबईकर मंडळांकडे पैसा आणि उत्साह दोन्ही आहे. आमच्या मंडळाने देवळाचा सभामंडप बांधला. सांगितले तर खाटा आणि गाद्याही घेऊन देईल. पण त्या खाटेजवळ जाणारी प्रशिक्षित नर्स मंडळ नेमू शकत नाही. ती शासनानेच द्यायची असते.

यात वहिनीसारख्या बायकांचा विचार कोणी करतच नाही. पन्नाशी उलटलेली, स्वतःचे गुडघे दुखतात, आणि कित्येक महिन्यांत ती एका लग्नालाही गेलेली नाही. माहेरी भाऊ वारला तेव्हा अंत्यविधी करून त्याच रात्री परत आली, कारण आईला उचलायला दुसरे कोणी नव्हते. आठवडाभर रुग्णाला ठेवता येईल आणि घरच्या बाईला विसावा मिळेल अशी एकही खाट आमच्या तालुक्यात नाही. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरी तर याहून वाईट. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे, आणि त्याचे प्रमाण शहरांपेक्षा ग्रामीण भागात जास्त आहे. गावात त्याला 'म्हातारचळ' म्हणून सोडून देतात, कारण निदान करणारा डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणी, नाहीतर थेट मुंबईत.

माझ्या मागण्या सांगते. त्या मोघम राहू नयेत असा प्रयत्न केला आहे.

सर्वांत आधी मोजदाद करा. प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि मुंबईच्या प्रत्येक प्रभागात पूर्णपणे अंथरुणाला खिळलेले, आधाराने हिंडणारे आणि एकटे राहणारे ज्येष्ठ किती, याची नोंद झाली पाहिजे. यासाठी नवी यंत्रणा लागत नाही, आशाताईंना त्यांच्या भागातली नावे तोंडपाठ असतात. फक्त त्या नोंदीचे त्यांना पैसे द्या.

त्या नोंदीतल्या प्रत्येक अंथरुणाला खिळलेल्या ज्येष्ठाच्या घरी महिन्यातून किमान दोनदा नर्सची आणि झटक्यानंतरच्या किंवा हाड मोडल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्टची भेट ठरवून द्या. तालुक्याला एक फिरते पथक, गाडीसह. मुंबईत हेच पथक प्रत्येक वॉर्डात. बाळासाठी जसे भेटींचे दिवस ठरलेले आहेत तसे आजीसाठीही ठरू देत, आणि भेटीची नोंद घरच्या कार्डावर राहू दे, म्हणजे कोण आले, कोण नाही, हे घरच्यांना दाखवता येईल. यासाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष ठेवा. दुसऱ्या कुठल्या योजनेच्या शिल्लक पैशातून हे होणार नाही.

प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पालिकेच्या दवाखान्यांत साहित्य उसने मिळण्याची सोय करा: वर-खाली होणारी खाट, बॅटरीवर चालू राहील असा एअर बेड, चाकाची खुर्ची, कमोड खुर्ची, वॉकर. माणूस गेला की ही साधने बहुतेक घरांत माळ्यावर पडून राहतात. लोक ती आनंदाने परत करतील.

घरच्या माणसांना शिकवा. कूस कशी बदलायची, नळीने कसे भरवायचे, जखम कशी ओळखायची. चार तासांचे शिक्षण, गावातच, मराठीत. उमेदच्या बचतगटांतल्या ज्या बायकांना हे काम व्यवसाय म्हणून करायचे असेल त्यांना पूर्ण प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्या. गावात रोजगारही होईल आणि सेवाही मिळेल. मुंबईतल्या ब्युरोंची नोंदणी सक्तीची करा, मावशीच्या हाती किती पैसे पडले पाहिजेत ते ठरवा आणि ब्युरोने जास्तीत जास्त किती कापावेत तेही.

श्रावणबाळ योजनेची २१ हजारांची मर्यादा आजच्या महागाईला धरून वाढवा आणि अंथरुणाला खिळलेल्यांना वेगळा मदतनीस भत्ता द्या. हयातीची तपासणी घरी येऊन करा. ठसा उमटला नाही म्हणून एकाही वृद्धाचे पैसे थांबता कामा नयेत.

प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात अल्पकाळ मुक्कामाच्या थोड्या खाटा ठेवा, घरच्यांना विसावा मिळण्यासाठी आणि डिस्चार्जनंतर लगेच घरी नेणे शक्य नसलेल्यांसाठी.

आणि माहिती जाहीर करा. डिसेंबर २०१८ मध्ये अश्विनी कुमार विरुद्ध केंद्र सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यातले वृद्धाश्रम आणि वृद्धांच्या उपचारांच्या सोयी यांची माहिती राज्यांकडून घेण्याचे आदेश केंद्राला दिले होते. महाराष्ट्राची ती माहिती जिल्हावार, आजच्या स्थितीसह, मराठीत लोकांसमोर ठेवा: कोणत्या जिल्ह्यात वृद्ध कक्षाच्या किती खाटा चालू आहेत, किती पदे भरलेली आहेत, गेल्या वर्षात किती घरभेटी झाल्या. आकडा शून्य असेल तर शून्य लिहा. पण लिहा.

तिन्ही खात्यांपैकी या कामाची जबाबदारी कोणाची, ते एका शासन निर्णयाने ठरवा आणि प्रत्येक जिल्ह्यात एका अधिकाऱ्याचे नाव आणि फोन नंबर जाहीर करा, म्हणजे आमच्यासारख्यांना दारोदार फिरावे लागणार नाही.

या पत्राचे उत्तर मला लेखी हवे आहे, आणि त्यात दोन तारखा हव्या आहेत: आमच्या एस वॉर्डात पहिली घरभेट कधी होईल, आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाड्यांमध्ये पहिली घरभेट कधी होईल. दोन्ही तारखा एकच असाव्यात, अशी माझी विनंती आहे.

आपली विश्वासू,
कन्नमवारनगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई येथील एक नागरिक